हिवाळ्यात हिरवळ टिकवली: माझा अनुभव

नाशिकच्या गंगापूर रोडजवळच्या आमच्या गोल्फ सरावाच्या हिरवळीवर बर्म्युडा जातीची हरळी आहे. मागच्या वर्षी निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या सुरू झाल्या आणि हिरवळीवर पिवळे चट्टे दिसू लागले. घाबरून युरिया टाकला. तीच चूक झाली. जमीन साधारण १० अंशांपर्यंत गार झाली की हरळीची वाढ जवळपास थांबते, तिला झोपू द्यायचं असतं. युरियातल्या नत्रामुळे फुटलेली कोवळी पालवीच आधी करपली.

यंदा दसऱ्यापासूनच कामाला लागलो. पावसात घट्ट झालेल्या जमिनीत ७-८ सेंमी खोल भोकं पाडली, वर बारीक वाळू पसरली. युरिया बंद करून सल्फेट ऑफ पोटॅश हे पालाशचं खत दिलं. द्राक्षबागांमुळे ते इथल्या कृषी सेवा केंद्रांत सहज मिळतं. गवत थोडं उंच ठेवून कापलं, म्हणजे मुळांत अन्नाचा साठा होतो. पाणी संध्याकाळी अजिबात नाही, सकाळी ऊन आल्यावरच, नाहीतर रात्रभराच्या ओलीने बुरशी धरते. पहाटे दव गोठलेलं दिसलं तर ते वितळेपर्यंत कुणालाच हिरवळीवर पाय ठेवू दिला नाही.

जानेवारीत रंग फिकटला, पण रांगती खोडं टणक राहिली. फेब्रुवारीच्या उन्हात चट्ट्यांच्या जागीही फुटवे आले.