टर्मिनल एडिटर लुकलुकतोय? आधी स्क्रीन पुसणं बंद करा

टर्मिनलवरच्या (फक्त अक्षरं दाखवणाऱ्या खिडकीतल्या) एडिटरची पहिली आवृत्ती बहुधा एकाच पद्धतीने लिहिली जाते: कळ दाबली की अख्खी स्क्रीन पुसायची आणि पुन्हा काढायची. स्वतःच्या लॅपटॉपवर हे खपून जातं. लांबच्या सर्व्हरवर एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून, उघडला की तोच एडिटर लुकलुकतो. ८० बाय २४ म्हणजे १९२० चौकटी, म्हणजे एकेका अक्षराच्या जागा. ९६०० बॉडच्या सीरियल लाइनवर सेकंदाला ९६० अक्षरं जातात, तिथे एका कळीला २ सेकंद.

आधी मोजा. एडिटर स्ट्रेसखाली (strace, प्रोग्रामचे सिस्टम कॉल दाखवणारं साधन) चालवा, फक्त राइट कॉल (आउटपुट पाठवणारे) बघा आणि ओळीच्या शेवटी एक अक्षर टाइप करा. कॉल एकच हवा आणि बाइट दहा-वीसच्या घरात. प्रत्येक ओळीला वेगळा कॉल दिसला तर पहिली दुरुस्ती तीच: सगळं आउटपुट एका बफरमध्ये (मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत) साठवा, शेवटी एकदाच पाठवा. राइट कधीकधी अर्धंच लिहून परततो, म्हणून उरलेलं पाठवणारा लूप ठेवा. पुसण्याचा आदेश काढून टाका. लुकलुक येते ती पुसणं आणि रंगवणं यांच्या मधल्या कोऱ्या क्षणामुळे. त्याऐवजी ओळ लिहून झाल्यावर उरलेला भाग पुसा: एस्केप, [ आणि मोठा के. त्याआधी रंग मूळ स्थितीवर आणा, नाहीतर काही टर्मिनल उरलेली ओळ चालू पार्श्वरंगाने भरतात.

मग मेमरीत चौकटींच्या दोन जाळ्या ठेवा: टर्मिनलवर आत्ता आहे ती आणि हवी आहे ती. ओळी मेमकंपने (memcmp, बाइट ताडणारं सी भाषेतलं फंक्शन) ताडून बघा. इथे एक हमखास फसगत होते. चौकटीच्या स्ट्रक्टमधल्या पॅडिंगमध्ये (कंपायलरने मध्ये सोडलेल्या रिकाम्या बाइटमध्ये) कचरा असला तर सारख्या ओळीही वेगळ्या ठरतात आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. जाळी सुरुवातीलाच मेमसेटने (memset) शून्य करा. वेगळी निघालेली ओळ पहिल्या बदललेल्या चौकटीपासून शेवटच्या बदललेल्या चौकटीपर्यंतच पाठवा. मध्ये न बदललेला तुकडा असेल तर उडी मारण्याआधी हिशेब करा: १२व्या ओळीच्या ४०व्या स्तंभावर कर्सर नेणारा आदेश ८ बाइटचा आहे, त्यामुळे पाच-सहा साधी अक्षरं पुन्हा लिहिणंच स्वस्त. रंगाचंही तेच. २४ बिटी रंगाचा एक आदेश १९ बाइटपर्यंत जातो. चालू रंग लक्षात ठेवा, बदलला तरच पाठवा.

खरी बचत सरकवण्यात आहे. ५व्या ओळीच्या शेवटी एंटर दाबलं, २४वी ओळ स्टेटसची आहे असं धरा. सरकण्याची हद्द १ ते २३ करा (७ बाइट), ६व्या ओळीवर जा (६), एक ओळ घाला (३), हद्द मोकळी करा (३). एकूण १९ बाइट. एरवी १८ ओळी पुन्हा काढाव्या लागल्या असत्या. हद्द ठरवताना आणि मोकळी करताना कर्सर वरच्या डाव्या कोपऱ्यात जातो, म्हणून त्याला पुन्हा जागेवर न्या. जुनी जाळीही तितकीच सरकवा. हे विसरलं की स्क्रीनवर भुतासारख्या ओळी उरतात.

देवनागरीत वेगळंच दुखणं. ‘क्षि’ हे चार कोडपॉइंट (युनिकोडमधले अक्षर-क्रमांक), यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत १२ बाइट. पण ते किती चौकटी खातं यावर टर्मिनलांचं एकमत नाही. तुमचा हिशेब एका चौकटीने चुकला की पुढचा कर्सर चुकीच्या अक्षरावर उभा. म्हणून ओळीत देवनागरी असेल तर तुकडे पाडू नका: पहिल्या देवनागरी अक्षरापासून किंवा त्याआधी बदल असेल तर तिथपासून, शेवटपर्यंत ओळ लिहा आणि नंतर कर्सर नेमक्या जागी ठेवा.

कळा साचल्या असतील तर मधली चित्रं काढूच नका. शून्य टाइमआउटचा पोल करा, म्हणजे न थांबता इनपुट आलंय का ते विचारा. इनपुट वाट बघत असेल तर ते आधी संपवा. मात्र कळ दाबून धरली की स्क्रीन गोठू नये, म्हणून ५० मिलिसेकंदांनी काहीही झालं तरी काढा.

खिडकीचा आकार बदलल्याचा सिग्नल आला की जुन्या जाळीवर विश्वास ठेवू नका. ती बाद करून सगळं नव्याने काढा. कंट्रोल-एललाही तेच काम द्या, कारण दुसऱ्या प्रोग्रामने मध्येच काही छापलं तर ते तुमच्या जाळीला कळत नाही. आणि उजव्या खालच्या कोपऱ्यातली चौकट शक्यतो रिकामीच ठेवा: तिथे अक्षर लिहिल्यावर काही टर्मिनल अख्खी स्क्रीन एक ओळ वर ढकलतात.