नव्या फ्लॅटचा ताबा : गोव्यात आधी पाणी ओता, मग सही करा

नवा फ्लॅट ताब्यात घेताना काय बघायचं, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. नळ सोडा, स्विच दाबा, दारं उघडझाप करून बघा. हे करायला कुणाचा सल्ला लागत नाही. फोंड्यातला माझा स्वतःचा फ्लॅट, आणि त्यानंतर म्हापसा, डिचोली, मडगाव असे नातेवाइकांचे नि मित्रांचे मिळून सात ताबे मी जवळून पाहिलेत. भांडण नळावरून एकदाही झालं नाही. झालं ते दोनच गोष्टींवरून: भिंतीतली ओल आणि ताबापत्रावरची सही.

पहिली पायरी, कागद

गोवा रेराच्या, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंद, मंजूर नकाशा आणि चटईक्षेत्र तुम्ही बुकिंग करतानाच पाहिलं असेल असं धरतो. आता फक्त ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, बघा. नगरनियोजन खातं किंवा पीडीए (नियोजन आणि विकास प्राधिकरण) देतं तो काम पूर्ण झाल्याचा दाखला, आणि पंचायत किंवा नगरपालिका देते ती ओसी. हे दोन वेगळे कागद आहेत. बिल्डरचा माणूस पहिला दाखवतो आणि म्हणतो, "ओसी आलीच समजा." आलीच समजा म्हणजे आलेली नाही. ओसीशिवाय चावी घेतलीत तर वीज आणि नळजोडणी स्वतःच्या नावावर करताना चपला झिजतात. ओसीची प्रत हातात पडेपर्यंत शेवटचा हप्ता सोडू नका.

आणखी एक. जमीनमालक गोव्यातला असेल तर विक्रीखतावर नवरा-बायको दोघांच्या सह्या आहेत ना, ते वकिलाकडून तपासून घ्या. इथल्या कायद्याने लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर संपत्ती दोघांची सामाईक असते.

दुसरी पायरी, मोजमाप

टेप घ्या, खोल्या मोजा, करारातल्या चटईक्षेत्राशी ताडून बघा. अर्ध्या तासाचं काम.

तिसरी पायरी, पाणी

इथे घाई करू नका. मी केली होती.

माझा ताबा अक्षय्य तृतीयेचा. मुहूर्त साडेअकराचा, भटजी सव्वाअकरालाच हजर, आणि टेबलावर ताबापत्र. भिंती कोऱ्या करकरीत, रंगाचा वास अजून गेलेला नाही. सही केली, पेढे वाटले. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पश्चिमेकडच्या बेडरूममध्ये खिडकीखाली हाताच्या पंजाएवढा डाग उमटला. चवथीला पाहुणे आले तेव्हा त्याच भिंतीला बुरशी होती आणि कपाट खोलीच्या मधोमध ओढून ठेवलं होतं.

गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. तोही सरळ पडत नाही, समुद्राकडच्या वाऱ्याबरोबर आडवा येतो. म्हणून पश्चिम आणि नैर्ऋत्येच्या भिंती आधी भिजतात. आपल्याकडे भिंतीत पुष्कळदा चिरा, म्हणजे जांभा दगड, असतो. चिरा पाणी पितो. कॉंक्रीटचा खांब आणि चिऱ्याची भिंत जिथे भेटतात तिथे गिलाव्याला केसासारखी भेग पडते. त्या सांध्यावर गिलाव्याआधी जाळी मारलेली नसेल तर ती पडणारच. रंगाखाली ती एप्रिलमध्ये दिसत नाही.

"एक पावसाळा जाऊ द्या, मग ताबा घ्या," असं सांगणारे पुष्कळ भेटतात. ऐकायला छान. पण रेरा कायद्याप्रमाणे ओसी मिळाल्यापासून दोन महिन्यांत ताबा घेणं ही घेणाऱ्याचीही जबाबदारी आहे. ओसी डिसेंबरात आली तर जूनपर्यंत बसून राहता येत नाही. तेव्हा पाऊस आपणच पाडायचा.

ताब्याच्या निदान तीन दिवस आधी पाहणीची वेळ मागा. मुहूर्ताच्या दिवशी पाहणी नकोच, त्या दिवशी कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं. सोबत रबरी पाइप, पेन्सिल, टॉर्च आणि एक जुनं फडकं न्या. सुरुवात पश्चिमेच्या खिडकीपासून. बाहेरून चौकटीच्या खालच्या बाजूला पंधरा-वीस मिनिटं पाणी मारा, मग बाजूंना, मग वर. एकदम वरून मारलं तर गळती नेमकी कुठून होते ते कळत नाही. एक माणूस आत हवा. आत ओल दिसली की तिच्या कडेने पेन्सिलने रेघ मारायची, शेजारी वेळ लिहायची, फोटो काढायचा. दुसऱ्या दिवशी परत जायचंच, कारण चिऱ्यातून झिरपलेलं पाणी आत यायला रात्र घेतं. सरकत्या खिडकीच्या खाचेत तांब्याभर पाणी ओता. ते बाहेरच्या भोकांतून गेलं पाहिजे. माझ्या मावसबहिणीच्या फ्लॅटमध्ये ती भोकं सिमेंटने बुजलेली होती आणि खाच चक्क डबक्यासारखी भरली. छज्जाच्या खालच्या बाजूला पाणी तोडणारी खोबणी आहे का तेही बघा. ती नसेल तर पाणी छज्जाखालून सरकत भिंतीवर येतं.

मग न्हाणीघर. जाळीच्या तोंडात फडकं कोंबा, दोन इंच पाणी भरा, चोवीस तास ठेवा. दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावर जाऊन छत बघा. खालच्यांशी ओळख व्हायची ती याच निमित्ताने झालेली बरी, भांडणाने नको. फडकं काढल्यावर पाणी कुठे साचतं ते बघा. कोपऱ्यात साचलं तर उतार चुकलाय आणि लादी उखडल्याशिवाय तो दुरुस्त होत नाही.

वरच्या मजल्यावर असाल तर गच्चीवरही जा. पन्हाळीच्या तोंडाशी सिमेंटचे गोळे आणि गुटख्याची पाकिटं अडकलेली सापडतात. मी तर एकदा गवंड्याची थापी काढली होती.

साइट सुपरवायझर म्हणेल, "अहो, नवीन गिलावा आहे, थोडी ओल असणारच." नव्या गिलाव्याची ओल सगळीकडे सारखी असते आणि ती वाळत जाते. तुम्ही पाणी मारल्यावर रेघेच्या बाहेर पसरते ती गळती. वर "पावसाळ्याआधी एक हात रंग मारून देतो" हे उत्तर स्वीकारू नका. रंगाने डाग झाकतो, भेग तशीच राहते.

चौथी पायरी, सही

ताबापत्रावर एक ओळ हमखास असते: पाहणी करून पूर्ण समाधानाने ताबा घेतला, कोणतीही तक्रार नाही. माझ्या भिंतीला डाग पडला तेव्हा बिल्डरने हीच ओळ दाखवली आणि मी गप्प बसलो, कारण मला कायदा माहीत नव्हता. रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताबा घेतल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला किंवा कारागिरीतला दोष लेखी दाखवून दिला तर तो तीस दिवसांत फुकट दुरुस्त करून देणं बिल्डरवर बंधनकारक आहे. 'तक्रार नाही' लिहून घेतल्याने हा हक्क जात नाही. पण ती ओळ असली की पहिले चार महिने नुसत्या वादात जातात. म्हणून ती खोडा आणि तिथेच लिहा: सोबत जोडलेल्या दोषांच्या यादीसह ताबा घेतला. यादीवर दोघांच्या सह्या आणि तारीख. "असं कुणी करत नाही" म्हणतील. सातपैकी पाच जणांनी केलं आणि पाचही जणांना चावी मिळाली.

पाचवी पायरी, बाकीचं

किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर एक टक्का टीडीएस, म्हणजे विकणाऱ्याला द्यायच्या रकमेतून कापलेला कर, तुम्हीच भरायचा असतो. घरपट्टी नावावर करून घ्या. उरलेल्या लाद्यांचा एक खोका आणि भिंतींच्या रंगाचा क्रमांक मागून घ्या, नंतर तीच छटा सापडत नाही.

राहायला गेल्यावर जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री टॉर्च घेऊन पश्चिमेच्या भिंतींवरून हात फिरवा. काही ओलं लागलं तर फोटो काढून सकाळी बिल्डरला ईमेल करा. फोन नको, तीस दिवस मोजायला तारीख लागते.