युरोपसाठी भरतकाम केलेलं जुनं भारतीय कापड कसं ओळखावं

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात आणि लिस्बनच्या प्राचीन कला संग्रहालयात सोळाव्या-सतराव्या शतकात युरोपीय गिऱ्हाइकांसाठी आपल्याकडे भरलेल्या चादरी आणि पडदे आहेत. तिकडे राहत असाल तर जाऊन बघा, नाहीतर लंडनच्या संग्रहालयाच्या संकेतस्थळावर फोटो मोठे करून बघता येतात.

सुरुवातीला चित्र बाजूला ठेवा. ते गिऱ्हाइकाच्या पसंतीचं असायचं. बायबलमधल्या राजा सॉलोमनचा न्यायनिवाडा दिसला म्हणून कापड युरोपात भरलं असं होत नाही. कारागिराचा हात दोऱ्यात आणि टाक्यात सापडतो.

मग दोऱ्याचा रंग बघा. पांढऱ्या सुती कापडावर बहुतेक सगळं काम एकाच पिवळसर सोनेरी रेशमात असेल, तर ते बंगालचं, सातगाव-हुगळीकडचं असण्याची शक्यता मोठी. हे टसर किंवा मुगा, म्हणजे रानरेशीम. आकृत्या साखळी टाक्यात असतात आणि मधली रिकामी जागाही बारीक टिपेने भरून काढलेली असते. अशा चादरींना पोर्तुगीज ‘कोल्शा’ म्हणत. पूर्वेकडचा असा माल गोव्यामार्गे लिस्बनला जायचा. बंगाल म्हटलं की लगेच कांथा (तिकडचं गोधडीसारखं भरतकाम) म्हणायचा मोह टाळा, कारण कांथ्याचा जीव धावदोऱ्यात असतो.

रेशीम रंगीबेरंगी असेल तर गुजरात आठवा. तिथले मोची चामड्यावर चालवायची आरी, म्हणजे टोकाला आकडा असलेलं टोचणं, कापडावर चालवत. दोरा कापडाखाली धरायचा, वरून आरी टोचायची आणि आकड्यात अडकवून तो वर ओढायचा. एखादी पाकळी निवडून नीट बघा: काठाला गडद ओळ, तिला लागून फिकी, मग आणखी फिकी. प्रत्येक ओळ म्हणजे साखळीच, आणि वळणावरही कडी सैल पडत नाही. इतकं नेटकं काम बघून मला दर वेळी त्या हातांचं नवल वाटतं. इंग्लंडमधल्या ससेक्सच्या ॲशबर्नहॅम वाड्यात पूर्वी असलेले सुमारे 1700 सालचे पलंगाचे पडदे याचा उत्तम नमुना आहेत.

आता चित्राकडे या. फुगीर विजारी, टोप्या, जहाजं, शिकार, स्वतःच्या रक्ताने पिल्लांना पोसणारा पेलिकन हा पोर्तुगीजांसाठीचा बंगाली माल. छापील-रंगवलेल्या छिंटेसारखी नागमोडी वेल आणि फुललेलं झाड बहुधा गुजरातचं, आणि काळही जरा नंतरचा. सगळीकडे साखळीऐवजी सपाट, चकचकीत सॅटिन टाका असेल, तर तो चिनी माल असू शकतो, हेही तपासा.

असं कापड घरात निघालं तर धुऊ नका, इस्त्रीही नको. घडी घातली की दोरे त्याच रेषेवर तुटतात. धुतलेला मांजरपाट मध्ये घालून जाड नळीवर सैल गुंडाळा, उन्हापासून लांब ठेवा आणि वस्त्रसंवर्धन करणाऱ्या जाणकाराला दाखवा.