दगडाची हत्यारं ओळखायची तर आधी दगड फोडून बघा

एमए आर्किऑलॉजीला नवीन आलेली पोरं आल्या आल्या हत्यारांची नावं पाठ करतात. हातकुऱ्हाड, क्लीव्हर, स्क्रेपर, मायक्रोलिथ, सगळं तोंडपाठ, आणि मग ट्रेभर दगड समोर ठेवले की गप्प! माझं ऐकाल तर नावं राहू द्या, आधी दगड फुटतो कसा ते बघा.

चर्टचा (गारगोटीसारखा कठीण, बारीक कणांचा दगड) गोळा घ्या आणि नदीतल्या गोट्याने कडेला ठोका. कडेचा कोन ९० अंशांच्या आत हवा, नाहीतर कितीही बडवा, नुसता चुरा निघतो. ठोका नीट बसला की पातळ छिलका सुटतो, त्याच्या आतल्या बाजूला ठोक्याच्या जागेखाली हलका फुगवटा असतो, अंगठा फिरवला की लगेच लागतो, आणि गाभ्यावर, म्हणजे उरलेल्या मूळ दगडावर, त्याच जागी खळगा पडतो. पुरात दगड आपटूनही टवके उडतात पण ते कुठेही, कसेही. माणसाने काढलेले असले की एकाच कडेने ओळीने खळगे दिसतात, हीच खरी ओळख. (गॉगल घालूनच ठोका बरं का, कपच्या डोळ्यात जातात. आणि साइटवर हे उद्योग अजिबात नकोत, तुमचे छिलके उद्या कुणीतरी अश्मयुगीन म्हणून पिशवीत भरेल.)

आपल्याकडची खरी भानगड म्हणजे बेसॉल्ट, आपला काळा पाषाण. नेवाशाजवळ चिरकीला प्रवरेकाठी हातकुऱ्हाडी आणि क्लीव्हर मिळाले, पण असा दगड झिजून खळग्यांच्या कडा पुसट होतात, समोरून बघून काही कळत नाही, टॉर्च आडवा धरा मग दिसतं. क्लीव्हर, म्हणजे पुढे रुंद सरळ धार असलेलं हत्यार, मला जाम आवडतो. मोठ्या दगडातून आधी भलामोठा छिलका काढायचा, बाजू ठोकून आकार द्यायचा, पण पुढची धार मात्र छिलक्याची असते तशीच सोडायची. कुठे थांबायचं ते त्या माणसाला ठोकायच्या आधीच माहीत होतं ना!

नंतरच्या काळात चर्ट, जास्पर, कॅल्सेडनी असले बारीक कणांचे दगड वाढत जातात, हत्यारं लहान होत जातात, आणि मायक्रोलिथ तर इतके बारीक की लाकडाच्या किंवा हाडाच्या दांड्यात बसवूनच वापरायचे. ते फील्डमध्ये चालता चालता दिसत नाहीत, खाली बसून बघावं लागतं. आणि दिसलं की लगेच खिशात टाकू नका, आधी जागेवरच फोटो आणि जीपीएस घ्या, जागा गेली की तो नुसता दगड उरतो.