आयटी कंपनीची लांबलचक भरती: चाचणीपासून ऑफर लेटरपर्यंत या चुका टाळा

पुण्या-मुंबईतल्या मोठ्या आयटी कंपनीत अनुभवी उमेदवाराची भरती साधारण अशी चालते: रिक्रूटरचा फोन, ऑनलाइन चाचणी, एक-दोन टेक्निकल मुलाखती, मॅनेजरची फेरी, एचआर, ऑफर आणि बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन (कागदपत्रं आणि जुन्या नोकऱ्यांची पडताळणी). यात दीड-दोन महिने सहज जातात. पहिल्या फोनवर आपण काय बोललो होतो, हे तोवर उमेदवार विसरलेला असतो. कंपनीकडे मात्र सगळं नोंदलेलं असतं. रिक्रूटरला सांगितलेला पगार, नोटीस पिरियड, प्रत्येक मुलाखतीनंतरचा शेरा, सगळं एकाच फाइलमध्ये जातं. चांगली तयारी असलेल्यांची गाडी बरेचदा इथेच अडते, कारण त्यांचीच दोन विधानं एकमेकांशी जुळत नाहीत.

म्हणून पहिल्या फोनच्या दिवशीच एक वही सुरू करा. प्रत्येक फेरी संपल्यावर अर्ध्या तासात तारीख, मुलाखत घेणाऱ्याचं नाव, विचारलेले प्रश्न, दिलेली उत्तरं आणि सांगितलेले आकडे लिहून ठेवा. पुढच्या फेरीच्या आदल्या रात्री तेवढी पानं वाचायची.

ऑनलाइन चाचणी

चाचणी बुडण्याचं पहिलं कारण कोडिंगशी संबंधित नसतंच. कॅमेऱ्याने पाळत ठेवलेल्या चाचणीत स्क्रीनवरून फोकस हलला की नोंद होते, आणि तो हलवायला अँटिव्हायरसचा किंवा व्हॉट्सॲपचा एक पॉप-अप पुरतो. आदल्या दिवशी त्याच खोलीत, त्याच लॅपटॉपवर सिस्टिम चेक करा. दुसरा मॉनिटर काढून ठेवा, सगळी नोटिफिकेशन बंद करा. वाय-फायचा राउटर इन्व्हर्टरच्या लाइनवर आहे का, हे मेन स्विच पाडून बघा. लॅपटॉप बॅटरीवर चालत राहतो, राउटर मात्र वीज गेली की त्याच क्षणी बंद पडतो. लॅमिनेट केलेलं ओळखपत्र कॅमेऱ्यासमोर चकाकतं, ते थोडं तिरकं धरलं की नाव वाचता येतं.

आता कोड. ‘माझ्याकडे तर बरोबर चालला, तिथे सगळ्या केसेस फेल’ ही तक्रार नेहमीची. (केस म्हणजे कोड तपासायला दिलेलं एकेक उदाहरण.) कारणं बहुधा तीन असतात.

पहिलं, छापण्यातली चूक. ‘संख्या टाका’ असा संदेश प्रोग्रॅमने छापला तर तोही उत्तराचाच भाग धरला जातो आणि एकही केस जुळत नाही. मागितलंय तेवढंच छापा.

दुसरं, प्रश्नाखाली बारीक अक्षरात दिलेल्या मर्यादा न वाचणं. समजा, जास्तीत जास्त १ लाख संख्यांची यादी दिलीय आणि ठरावीक बेरीज देणाऱ्या जोड्या मोजायच्यात. लूपमध्ये लूप घातला तर १ लाख गुणिले १ लाख, म्हणजे १,००० कोटी तुलना. सी++ मध्येही सेकंदाला साधारण १० कोटी साध्या क्रिया धरून चालतात आणि वेळ मिळतो एक-दोन सेकंद. उदाहरणातल्या पाच संख्यांवर हाच कोड झटकन उत्तर देतो, म्हणून फसगत होते. इथे हॅश मॅप (आधी पाहिलेली संख्या झटकन शोधून देणारा तक्ता) लागतो: एकदाच यादीतून जायचं, आणि पुढच्या संख्येला जोडी म्हणून कोण हवं ते मॅपमध्ये शोधायचं.

तिसरं, आकडा न मावणं. त्याच १ लाख संख्या प्रत्येकी १ लाखाच्या असतील तर बेरीज १,००० कोटी होते. सी++ किंवा जावाच्या इंटमध्ये (पूर्णांक ठेवायचा नेहमीचा प्रकार) मावतात २,१४,७४,८३,६४७, म्हणजे जेमतेम २१४ कोटी. उत्तर उणे आलं की आधी इथेच बघा आणि जावात लाँग, सी++ मध्ये लाँग लाँग वापरा. पायथनला ही अडचण नाही, पण तिथे लूप संथ चालतो.

९० मिनिटांत तीन प्रश्न असतील तर पहिली पाच मिनिटं तिन्ही वाचण्यात घालवा. सर्वात सोपा आधी सोडवा. अवघड प्रश्नाला साधं, संथ उत्तर लिहून सबमिट करा. अनेक चाचण्यांत जितक्या केसेस पास, तितके गुण मिळतात. मग उरलेल्या वेळात ते सुधारा.

स्वभावचाचणीत एकच गोष्ट शब्द बदलून पुन्हा पुन्हा विचारतात. आदर्श माणसाचं सोंग घेऊन दिलेली उत्तरं चाळिसाव्या प्रश्नापर्यंत एकमेकांना छेद देऊ लागतात. मनात पहिलं येईल ते उत्तर द्या.

मुलाखतीच्या फेऱ्या

रेझ्युमेतल्या ज्या ओळीवर दहा मिनिटं बोलता येणार नाही, ती ओळ काढून टाका. ‘आम्ही सिस्टिम वेगवान केली’ हे वाक्य दोन्ही टेक्निकल फेऱ्यांत पकडलं जातं. त्यातलं तुम्ही काय केलं, आधी किती वेळ लागायचा, नंतर किती, मोजलं कशानं, हे विचारलं जाणारच. तुमच्या वाट्याचं काम एका इंडेक्सपुरतं असेल तर तेवढंच सांगा, पण ती क्वेरी संथ का होती हे मुळापासून सांगा. आणि आकडा दोन्ही फेऱ्यांत एकच हवा.

फेरीनंतर शांतता पसरली तर सात कामाच्या दिवसांनी तीन ओळींचा मेल पुरतो: कोणत्या पदासाठी, कोणत्या तारखेला कोणती फेरी झाली, पुढचा टप्पा कधी अपेक्षित आहे. रोज फोन करू नका.

पगाराचं गणित

१२ लाख सीटीसी (कंपनीला तुमच्यावर येणारा वर्षाचा एकूण खर्च) म्हणजे महिना १ लाख, हा हिशेब चुकीचा आहे. समजा त्यात १ लाख ८० हजार व्हेरिएबल (कामगिरीवर अवलंबून असलेला भाग), उरलेले १० लाख २० हजार फिक्स्ड आणि त्याच्या निम्मा बेसिक. बेसिकवर कंपनीचा १२ टक्के पीएफ ६१,२०० आणि ४.८१ टक्के दराने ग्रॅच्युइटी २४,५३१, दोन्ही फिक्स्डमधूनच जातात. उरतात ९,३४,२६९, म्हणजे महिना साधारण ७७,८५०. त्यातून तुमचा पीएफ ५,१०० आणि महाराष्ट्राचा व्यवसाय कर २०० वजा झाला की हातात ७२,५०० च्या आसपास येतात. म्हणून पहिल्या फोनपासून अपेक्षा ‘फिक्स्ड इतके’ अशीच सांगा. रिक्रूटरला १४ लाख आणि एचआरला १८ लाख सांगितले तर फाइलमध्ये दोन्ही आकडे शेजारी दिसतात.

कागदपत्रं

इथे मराठी मुलांची एक खास अडचण येते. दहावी-बारावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर नाव आधी, पॅनवर मधलं नाव गायब. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मुलींची तर तीन-तीन रूपं. अर्जात आधारवरचं नाव जसंच्या तसं लिहा. विवाह प्रमाणपत्र किंवा नावबदलाचं राजपत्र आधीच स्कॅन करून ठेवा. पदवीच्या सगळ्या सत्रांच्या मार्कशीट लागतात, फक्त शेवटची चालत नाही.

दुसरी अडचण पीएफची. यूएएनच्या (नोकरी बदलली तरी न बदलणारा पीएफ क्रमांक) सर्व्हिस हिस्ट्रीमध्ये प्रत्येक नोकरीची सुरुवात आणि शेवट दिसतो. रेझ्युमेत जून लिहिलं आणि तिथे ऑगस्ट निघालं तर खुलासा मागतात. जुन्या कंपनीने शेवटची तारीखच भरली नसेल तर दोन नोकऱ्या एकाच वेळी चालू असल्यासारखं दिसतं. शेवटचा हप्ता जमा होऊन दोन महिने झाले असतील तर ती तारीख ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणारी सरकारी संस्था) पोर्टलवर ‘मॅनेज’मधल्या ‘मार्क एग्झिट’मधून, आधारचा ओटीपी देऊन स्वतःच भरता येते. हे काम अर्ज करण्याआधी उरका. नोकरीत खंड असेल तर तो जसा आहे तसा दाखवा. विकतचं अनुभवपत्र इथे हमखास उघडं पडतं, आणि मग सगळी मेहनत पाण्यात जाते.

लॅपटॉपसाठी डिपॉझिट किंवा व्हेरिफिकेशनची फी कुणी मागितली तर तिथेच थांबा. ती फसवणूक आहे.

राजीनामा मात्र लेखी ऑफर, तिच्यातला पगाराचा तक्ता आणि रुजू होण्याची तारीख बघूनच द्या. फोनवर ‘सिलेक्ट झालात’ म्हटलं म्हणून देऊ नका. ९० दिवसांचा नोटीस पिरियड लवकर संपवायचा असेल तर बायआउटचे (उरलेल्या नोटीस दिवसांची भरपाई) पैसे कोण भरणार, हे मेलवर घ्या. पगाराच्या स्लिपा आणि मागच्या वर्षांचे फॉर्म १६ (पगारातून कापलेल्या कराचं प्रमाणपत्र) शेवटच्या आठवड्याआधीच स्वतःकडे उतरवून घ्या, कारण शेवटच्या दिवशी संध्याकाळी लॉगिन बंद होतं.