खलनायक लिहिताना आधी जखम शोधा

कथेत अन्याय दाखवायचा म्हटलं की हात थेट रक्तपाताकडे जातो. वाचक हादरतो, पण दोन पानांनी विसरतो. असा प्रसंग मनात रुतेल असा कसा लिहावा, हे शिकायला महाभारताइतकी चांगली शाळा मला दुसरी माहीत नाही.

१. सर्वांत भयंकर कृत्य घ्या आणि उलट चालत जा. कागदाच्या तळाशी लिहा : अश्वत्थाम्याने रात्री छावणीत शिरून झोपलेल्यांना मारलं. का? धृष्टद्युम्नाने त्याच्या वडिलांचं, शस्त्र खाली ठेवलेल्या द्रोणांचं, डोकं उडवलं होतं. धृष्टद्युम्न जन्मला तोच द्रोणांना मारण्यासाठी. कारण द्रोणांनी शिष्यांकरवी द्रुपदाला बांधून आणवलं आणि त्याचं अर्धं राज्य घेतलं. ते का? राजाची आणि दरिद्र्याची मैत्री कसली, असं म्हणून द्रुपदाने या बालमित्राला झिडकारलं होतं. आणि द्रोण त्याच्या दारी गेले कशासाठी? घरात गाय नव्हती म्हणून. इतर मुलांनी पिठाचं पाणी दूध म्हणून पाजलं, आणि ते पिऊन द्रोणांचा लहानगा आनंदाने नाचला होता.

तो लहानगा म्हणजेच अश्वत्थामा. तळाची ओळ आता पुन्हा वाचा.

तुमच्या खलनायकासाठीही अशी चार-पाच ‘का’ मागे जाणारी साखळी मांडा.

२. जखम दाखवलीत, तरी निवड त्याच्याच हातात ठेवा. कर्णाला भर रंगमंडपात कुळावरून हिणवलं गेलं, ते आपल्याला सलतं. पण द्यूतसभेत द्रौपदीला नको ते बोलणारा कर्णच आहे. एकामुळे दुसरं माफ करू नका. दोन्ही प्रसंग तितक्याच ताकदीने लिहा.

३. अन्याय करणाऱ्याइतकीच जागा बघणाऱ्यांना द्या. माझ्या मते नवे लेखक सर्वांत जास्त इथेच कमी पडतात. द्यूतसभेत दुःशासनापेक्षा जास्त बोचतात ते बसलेले लोक. युधिष्ठिर आधी स्वतःला हरला की मला, हा द्रौपदीचा प्रश्न साधा आहे. भीष्म म्हणतात, धर्माची गती सूक्ष्म आहे. द्रोण, कृप गप्प. बोलतो तो विदुर, आणि कौरवांमधलाच एक भाऊ, विकर्ण. पुढे युद्धात भीम त्यालाही मारतो आणि हळहळतो. तुमच्या प्रसंगातल्या प्रत्येक गप्प माणसाला गप्प राहण्याचं वेगळं कारण द्या : भीती, उपकार, सवय, पांडित्य.

४. सुटका झाली तरी प्रश्न मिटवू नका. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीत (म्हणजे अनेक हस्तलिखितं ताडून ठरवलेल्या पाठात) द्रौपदीचा कृष्णाचा धावा मुख्य संहितेत नाही. वस्त्र मात्र संपत नाही. तिची अब्रू वाचते, पण तिच्या प्रश्नाला सभेने उत्तर दिलेलं नसतं. ती बोच वाचकाकडे तशीच जाऊ द्या.

५. आता सराव. द्रौपदीला आणायला आधी पाठवला गेला तो प्रातिकामी, एक सूत. निरोप घेऊन जातो, तिचा प्रश्न घेऊन परततो. त्याला पुन्हा जायला सांगतात, तेव्हा त्याचे पाय जड होतात. संपूर्ण प्रसंग त्याच्या नजरेतून एका पानात लिहा. सभेच्या दारापासून तिच्या दारापर्यंत तो काय मनाशी घोकत गेला असेल, तिथून सुरुवात करा.