डिसॅबिलिटी पेन्शनचा जुना नकार कसा उलटवावा

मेडिकल बोर्डाने (लष्करी डॉक्टरांच्या मंडळाने) घरी पाठवलं, डिसॅबिलिटी पेन्शनचा क्लेम नाकारला गेला, आणि मग संसाराच्या रगाड्यात ती फाइल ट्रंकेच्या तळाशी गेली. अशा माजी सैनिकाला फुकटचे सल्ले दोनच मिळतात. एक, 'मुदत गेली, आता नाद सोड.' दुसरा, 'खासदाराचं पत्र मिळव.' पहिला खोटा आहे, दुसरा निरुपयोगी.

पुढे जे लिहितोय ते मुख्यतः 1982 ते 2007 या काळात बाहेर पडलेल्यांसाठी. त्यांना 1982 चे एन्टायटलमेंट रूल्स, म्हणजे ही पेन्शन कोणाला मिळावी हे ठरवणारे नियम, लागतात. नंतरच्यांना 2008 चे आणि 21 सप्टेंबर 2023 पासून त्याहून नवे नियम आहेत. त्यांनी यातलं सगळं आपल्याला जसंच्या तसं लागू होईल असं धरून चालू नये.

डिस्चार्ज बुक आणि नकाराचं पत्र हाताशी आहे असं धरतो. घरात सहसा नसतात ते कागद आपल्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसकडून मागवायचे: मेडिकल बोर्डाची प्रोसीडिंग्ज (ए.एफ.एम.एस.एफ.-16), भरतीच्या वेळचं मेडिकल, आणि दुखापत असेल तर इंज्युरी रिपोर्ट व कोर्ट ऑफ इन्क्वायरीची (लष्करी चौकशीची) प्रत. माहितीच्या अधिकारात अर्ज, 10 रुपये शुल्क, 30 दिवसांत उत्तर. मराठा लाइट इन्फन्ट्रीवाल्यांनी बेळगावला, तोफखान्यातल्यांनी नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सवाल्यांनी खडकीला. 'माझी सर्व कागदपत्रे द्यावीत' असं लिहू नका. एकेका कागदाचं नाव लिहा. मोघम अर्जाला मोघमच उत्तर येतं.

पेन्शन न मिळालेल्या जवानाची कागदपत्रं साधारण 25 वर्षांनी नष्ट करतात. तसं असेल तर ते उत्तर लेखी घ्या आणि लाँग रोलचा (जवानांच्या नोंदवहीचा) उतारा मागा, तो रोल ठेवलेला असतो. केस अवघड होते, पण डिस्चार्ज बुकातलं डिस्चार्जचं कारण आणि मेडिकल कॅटेगरी यांच्या आधारे लढता येते.

आता बोर्डाचं मत कसं वाचायचं ते. इथे घाई करू नका, कारण सगळी केस याच पानावर उभी राहते किंवा पडते. मीही या पानाशी बरीच झटापट केली आहे. टक्केवारीचा आकडा लगेच डोळ्यात भरतो आणि त्याच्या आसपासची बारकी ओळ नजरेतून सुटते. बोर्डाला विचारलेलं असतं: आजार सेवेमुळे झाला का? सेवेमुळे वाढला का? दोन्ही नसेल तर कशावरून? पहिल्या दोन्हींपुढे 'नो' असतं. तिसऱ्यापुढे ठरलेलं एखादं वाक्य असतं: 'कॉन्स्टिट्यूशनल डिसऑर्डर' (आजार मूळ प्रकृतीतलाच), 'ऑनसेट इन पीस एरिया' (आजार शांत भागातल्या पोस्टिंगवर सुरू झाला), किंवा नुसतंच 'नॉट कनेक्टेड विथ सर्व्हिस'. तुमचा वाद त्या तिसऱ्या उत्तराशी आहे.

का, ते समजून घ्या. 1982 च्या नियमांप्रमाणे भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर जवान धडधाकट होता असंच धरायचं असतं, आणि ज्या आजारामुळे त्याला काढलं तो सेवेत उद्भवला असं मानायचं असतं. अपवाद एकच: भरतीच्या तपासणीत हा आजार सापडणं शक्यच नव्हतं असं डॉक्टरांचं मत असेल, तर त्याची कारणं लिहिलेली हवीत. पुरावा देण्याची जबाबदारी जवानावर नाही आणि रास्त संशयाचा फायदा त्यालाच. सुप्रीम कोर्टाने 2013 मध्ये धरमवीर सिंग यांच्या प्रकरणात हे सगळं स्पष्ट केलं. नऊ वर्षांच्या नोकरीनंतर फिट्समुळे 20 टक्के अपंगत्व ठरवून त्यांना घरी पाठवलं होतं. भरतीच्या कागदावर आजाराची नोंद नव्हती आणि बोर्डाने कारणही दिलं नव्हतं. निकाल त्यांच्या बाजूने लागला.

म्हणून दोन कागद शेजारी ठेवा. भरतीच्या मेडिकलमध्ये त्या आजाराचा उल्लेख आहे का? नसेल तर अपिलात पहिलं वाक्य तेच. बोर्डाच्या पानावर निष्कर्ष सोडून काही कारण आहे का? नसेल तर ते दुसरं वाक्य, बोर्डाचे शब्द अवतरणात जसेच्या तसे देऊन. मग पोस्टिंगची यादी तारखांसह. 'पीस एरियात सुरू झाला' या शेऱ्याला तीच उत्तर देते: लक्षणं पीसमध्ये दिसली, पण त्याच्या आधी किती काळ फील्डमध्ये, म्हणजे सीमेवरच्या किंवा खडतर भागात, होतात? हृदयविकार असेल तर त्याआधीच्या 14 दिवसांची ड्यूटी काय होती हे खुद्द मेडिकल ऑफिसरांच्या मार्गदर्शिकेतच तपासायला सांगितलं आहे. ते तपासलं नसेल तर तसं लिहा.

लोक याऐवजी आजच्या डॉक्टरांच्या सर्टिफिकेटांचा गठ्ठा लावतात. आज गुडघा किती दुखतो हा प्रश्नच नाही. बोर्ड बसलं त्या दिवशी कागदावर काय होतं, एवढाच प्रश्न आहे. तीन पानी करुण कहाणीही नको. वाचणारा कंटाळतो आणि कामाचा मुद्दा तिसऱ्या पानावर मरून पडतो.

बोर्डाने खरोखर सविस्तर कारणं दिली असतील, तर मात्र धरमवीर सिंग यांचं नाव घेऊन भागत नाही. 2019 मध्ये नरसिंग यादव यांच्या मानसिक आजाराच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने बोर्डाचंच मत मानलं. रजेवर घरची कामं करताना झालेली दुखापतही अशीच: सेवेशी संबंध दाखवता आला तरच पुढे जा.

उलट एक प्रकार फार सोपा. बोर्डाने 'होय' लिहिलं होतं, पण अलाहाबादच्या पेन्शन कार्यालयाने जवानाला न तपासता ते फिरवलं. हे चालत नाही, असं सुप्रीम कोर्टाने 1993 मध्येच सॅपर मोहिंदर सिंग यांच्या प्रकरणात सांगितलं आहे. नकाराचं पत्र आणि बोर्डाचं मत जुळत नाही असं दिसलं, तर बाकी सगळे मुद्दे मागे ठेवा आणि हा पुढे आणा.

अपील रेकॉर्ड ऑफिसमार्फत रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा, पोचपावती जपा. सहा महिन्यांत निर्णय नाही आला तर सशस्त्र सेना न्यायाधिकरणाची वाट मोकळी होते. निवृत्त माणूस राहत्या जागेच्या खंडपीठात जाऊ शकतो. महाराष्ट्रासाठी ते मुंबईला.

उशिराचं काय? अर्जासोबत विलंबमाफीचा अर्ज जोडायचा. पेन्शनचा नकार ही दर महिन्याला चालू राहणारी चूक आहे, म्हणून दार बंद होत नाही. पण 2008 च्या तरसेम सिंग निकालाप्रमाणे थकबाकी साधारणपणे अर्जाआधीच्या तीन वर्षांचीच मिळते. म्हणजे 'दिवाळीनंतर बघू' म्हटलं की तेवढ्या महिन्यांचे पैसे गेले.

मागणीच्या परिच्छेदात राउंडिंग ऑफ, म्हणजे टक्केवारी वरच्या टप्प्यावर नेणं, जरूर मागा. 20 टक्के अपंगत्व हिशेबात 50 टक्के धरलं जातं, आणि वय भरून निवृत्त झालेल्यांनाही ते मिळतं, हे 2014 च्या राम अवतार निकालाने ठरलं. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या 30 टक्के हा दर असल्याने 6 टक्क्यांऐवजी 15 टक्के मिळतात. निवृत्तीच्या वेळी टक्केवारी 20 च्या खाली असेल तर सहसा काही हाती लागत नाही. पण आजारपणामुळे मुदतीआधीच काढलं असेल तर 2014 चा सुखविंदर सिंग निकाल कामाला येतो: काढलं त्या अर्थी अपंगत्व 20 टक्क्यांहून जास्तच होतं, असं तो धरतो.

वकील लष्करी प्रकरणांतला घ्या. 'एरियरमधले इतके टक्के द्या' म्हणणाऱ्याकडून उठून या. निकालावर अवलंबून फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांतच मनाई आहे.

निकाल लागला की प्रमाणित प्रत, बँक पासबुक आणि पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) असल्यास त्याची प्रत रेकॉर्ड ऑफिसला पाठवा. निकालात दिलेली मुदत टळली की अंमलबजावणीचा अर्ज लगेच टाका, स्मरणपत्रं लिहीत बसू नका. सरकार हायकोर्टात जाऊ शकतं, तेव्हा तिथे त्याच आठवड्यात कॅव्हेट, म्हणजे आपलं ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये असा अर्ज, दाखल करून ठेवा.